पुठ्ठ्याचा आडोसा

पाखाडी उतरताना सगळ्यात पुढे पोलीस, त्याच्या मागे पत्र्याची सीलबंद पेटी पोटाशी धरलेले आमचे कृषी सहायक, मग मी, खांद्याला पाकिटांची पिशवी आणि काखेत पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा. माझ्यामागे बँकेतून आलेले सूक्ष्म निरीक्षक आणि शेवटी कॅमेरावाला. खालून वर येणारं एक पोर आम्हाला वाट देत गडग्यावर चढलं आणि म्हणालं, "कुणाकडं लगीन हाय?"

प्रश्न काही वेडगळ नव्हता. १३ नोव्हेंबर, कार्तिक द्वादशी. त्या संध्याकाळपासून तुळशीची लग्नं लागणार होती. शिवाय आमचा कॅमेरावाला एरवी लग्नांचंच शूटिंग करतो. तीन दिवसांत त्याची सवय काही गेली नाही. प्रत्येक घरी मतदार दिसला की तो म्हणायचा, "आजी, इकडं बघा, वाईच हसा."

आम्ही गृहमतदानाचं पथक होतो. हे लिहितोय तो १८ नोव्हेंबर २०२४ चा सोमवार. सहा वाजून गेले, बाजारपेठेतले भोंगे एकदम गप्प झाले आणि कितीतरी दिवसांनी रातकिडे ऐकू आले. परवा, २० नोव्हेंबरला, महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांचं मतदान आहे. बुधवार मुद्दाम निवडलाय म्हणे, शनिवार-रविवारला जोडून शहरातले लोक फिरायला जाऊ नयेत म्हणून. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात उलटंच. इथले लोक मतदानासाठी मुंबईहून गाड्या भरभरून गावाला येतात. गाडीचं भाडं कोण देतं हे विचारायचं नसतं.

जिल्ह्यात मतदारसंघ पाच: दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर. मी कुठल्या मतदारसंघात फिरलो ते सांगत नाही. प्रशिक्षणात लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२८ मोठ्याने वाचून दाखवलं होतं, मताची गुप्तता फोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद. एवढंच सांगतो की पाचपैकी चार ठिकाणी लढत शिवसेना विरुद्ध शिवसेना अशी आहे, आणि चिपळूणला राष्ट्रवादी विरुद्ध राष्ट्रवादी. दापोलीत तर योगेश कदम आणि संजय कदम ही दोन्ही नावं यादीत एकाहून अधिक वेळा आहेत. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसासमोर असली यादी ठेवायची आणि आपण तोंड बंद ठेवून उभं राहायचं, हे आमचं काम.

शाळामास्तर म्हणून माझ्या निवडणुका पुष्कळ झाल्या, पण आजवर सगळ्या केंद्रावरच्या. यंदा आदेशावर "गृहमतदान पथक" असं वाचलं आणि आधी सुटकेचा श्वास सोडला. रात्री शाळेच्या फरशीवर झोपणं नाही, पहाटे साडेपाचला मशीन तपासायचं अभिरूप मतदान नाही. आमच्या कृषी सहायकांनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं, "मास्तर, वाड्या बघितल्या नाहीत तुम्ही अजून."

सोय अशी आहे. पंच्याऐंशीच्या पुढचे मतदार आणि किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेले मतदार, यांना घरी टपाली मतपत्रिकेवर मत देता येतं. पूर्वी हे वय ऐंशी होतं, याच वर्षी मार्चमध्ये पंच्याऐंशी केलं. त्यासाठी १२-डी नावाचा अर्ज भरायचा, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. अधिसूचना निघाली २२ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. बीएलओ, म्हणजे गावची मतदार यादी सांभाळणारी केंद्रस्तरीय अधिकारी, घरी जाऊन अर्ज देते आणि भरून आणते. सक्ती नाही. ज्याला केंद्रावर जायचं आहे त्याने जावं. पण अर्ज मंजूर झाला की मतदार यादीत नावापुढे "पीबी", म्हणजे पोस्टल बॅलट, लागतं, आणि मग केंद्रावर मत देता येत नाही. या दोन अक्षरांशी पुढे माझी गाठ पडायची होती.

माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, उमेदवार पक्के झाले, मतपत्रिका छापून आल्या आणि आम्ही निघालो. यादीत २३ नावं, दिवस तीन. घरी माणूस भेटला नाही तर आणखी एकदा जायचं. दुसऱ्यांदाही नसला तर संपलं.

प्रशिक्षणातला सगळा जीव पाकिटांत होता. मतपत्रिका छोट्या पाकिटात, १३-बी. प्रतिज्ञापत्र १३-ए, त्यावर मतदाराची सही किंवा अंगठा, त्याखाली आमचं साक्षांकन. मग ते प्रतिज्ञापत्र आणि बंद केलेलं छोटं पाकीट मिळून मोठ्या पाकिटात, १३-सी. मतपत्रिकेचा क्रमांक १३-ए वर आणि १३-बी वर तोच हवा. चुकून प्रतिज्ञापत्र आतल्या पाकिटात गेलं, किंवा एक आकडा इकडचा तिकडे झाला, की म्हाताऱ्या माणसाचं मत मोजणीच्या टेबलावर बाद, आणि त्याला ते कधी कळणारही नाही. ही भीती तीन दिवस माझ्या मानेवर बसून होती. प्रत्येक क्रमांक मी मोठ्याने वाचायचो आणि कृषी सहायक मागून म्हणायचे, वर्गातल्या पोरांसारखे.

पहिलंच घर अंथरुणाला खिळलेल्या आजींचं. वय ब्याण्णव. माजघरात खाट, खाटेवर दोन गोधड्या. आडोसा काही केल्या उभा राहीना. टेबलासाठी बनवलेला पुठ्ठा तो, गोधडीवर कसा राहणार? एका बाजूला उशी लावली, दुसऱ्या बाजूने तो आपोआप मिटायला लागला. शेवटी नातवाचं परीक्षेचं पॅड मतपत्रिकेखाली दिलं आणि सुनेने आडोशाची एक कड बाहेरून धरली, तोंड भिंतीकडे करून. नात म्हणाली, "हात थरथरतो तिचा, मी धरते." सोबतीच्या माणसाची तरतूद आहे, अठरा वर्षं पूर्ण असली की झालं. मी फॉर्म काढायला लागलो तर खाटेवरून आवाज आला, "माजा मी करतंय."

मग शांतता. कॅमेरावाला दारापर्यंत मागे सरकला, कारण प्रक्रिया चित्रित करायची पण मत दिसता कामा नये. आम्ही सगळे छताकडे बघत. पुठ्ठ्याआडून पेन कागदावर घासल्याचा आवाज आला. थांबला. परत आला. पेन उमटत नव्हतं, आजी त्याच जागी गिरवत होत्या. दुसरं पेन द्यायचं तर आडोशाच्या वरून हात घालावा लागणार आणि आत दिसणार. मी डोळे मिटले आणि पेन आत सोडलं. सूक्ष्म निरीक्षकांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. अकरा मिनिटं लागली. घडी त्यांनी स्वतःच घातली, पापडासारखी दोन्ही तळव्यांत दाबून, आणि मला विचारलं, "ह्या कुणी बगणार नाय ना?"

बाहेर पडल्यावर कृषी सहायक म्हणाले, "ह्या एका घरासाठी सगळी योजना वसूल." मलाही तसंच वाटलं. आजींना शेवटचं मतदान केंद्र बघून नऊ वर्षं झाली होती.

दुपारी तात्यांच्या घरी गंमत झाली. खरं तर घाम फुटला. तात्या नव्वदीचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ठार बहिरे. वाचता येत नाही म्हणून सोबती पुतण्या. कायद्याप्रमाणे सोबत्याने मतदाराच्या इच्छेप्रमाणे खूण करायची आणि ती इच्छा कुणाला कळू द्यायची नाही. पण इच्छा विचारायची कशी? पुतण्याने कानाशी तोंड नेऊन कुजबुजत विचारलं. तात्या म्हणाले, "काय?" त्याने जरा मोठ्याने विचारलं. तात्या पडवीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे, पन बालासाहेबांची कुठची ता आदी सांग!"

आता काय सांगणार? २०२२ ला पक्ष फुटला, २०२३ ला धनुष्यबाण एकीकडे गेला, दुसरीकडे मशाल राहिली. वर्षानुवर्षं एकाच चिन्हावर मत दिलेल्या माणसाला हे दोन वाक्यांत समजावायचं, तेही कानात ओरडून, आणि मी सरकारी माणूस म्हणून त्यातलं अवाक्षर बोलायचं नाही. पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. बाहेर गडग्याशी एका उमेदवाराचा कार्यकर्ता मोटारसायकल लावून उभा होता. आमचं वेळापत्रक सगळ्या उमेदवारांना दिलेलं असतं, त्यामुळे त्याला बाहेर उभं राहायचा हक्क होताच. तो मान वेळावून ऐकत होता. पोलिसाला सांगून त्याला पाणंदीच्या टोकापर्यंत पाठवलं, घरच्या बाकीच्यांना परसात, कॅमेरा अंगणात. मग पुतण्याने मतपत्रिका तात्यांच्या अगदी नाकाशी धरली. उमेदवारांचे फोटो असतात हल्ली. तात्या एकेका फोटोवर बोट ठेवत गेले, पुतण्या मोठ्याने नाव सांगत गेला आणि तात्या प्रत्येक नावावर आपलं मत व्यक्त करत गेले. मत म्हणजे ते मत नव्हे, दुसरं. त्यातल्या एकाच्या आजोबांनी बांधाची वाट अडवली होती, ती हकीकत सबंध सांगून झाली. शेवटी बोट एका ठिकाणी थांबलं आणि त्यांनी ते नावही मोठ्याने उच्चारलं.

मला ऐकू आलं. पोलिसालाही आलं असणार. आम्ही दोघांनी नंतर त्यावर एक शब्द काढला नाही, आणि इथेही काढत नाही. पण बहिऱ्या माणसाचं मत गुप्त कसं ठेवावं, हे मला कुठल्याच पुस्तिकेत सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका घरी शिरलो. ओटीवर चार-पाच पुरुष बसलेले, कोपऱ्यात समई. कुणी "या" म्हणालं, पण "च्या घ्या" म्हणालं नाही. तीन दिवसांत असं हे एकच घर. कोकणात दारात आलेल्याला पाणी विचारलं नाही म्हणजे काय ते बीएलओताईंच्या आधी लक्षात आलं, त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आजोबांना जाऊन चार दिवस झाले होते. मुलाने यादीतलं वडिलांचं नाव वाचायला मागितलं, वाचलं आणि कागद परत दिला. मी शेऱ्याच्या रकान्यात "मयत" लिहिलं, मतपत्रिकेचा क्रमांक न वापरलेल्यांत धरला. मुलगा म्हणाला, "अर्ज त्यांनी सोता सही करून दिलेला." एवढंच.

आता त्या पाखाडीखालच्या आजींकडे येतो. वय एकोणनव्वद. आमच्या कागदांप्रमाणे "केंद्रावर येऊ न शकणारा मतदार." घरी गेलो तर घराला कडी. शेजारीण म्हणाली, "ती खाली झोडनीवर हाय." म्हणजे केंद्रावर येऊ न शकणाऱ्या बाई भाताच्या झोडणीवर गेलेल्या. आम्हीच खाली गेलो. खळ्यात तीन बाया भात झोडत होत्या आणि आजी उंच दगडावर बसून, हातात काठी घेऊन, कोणाची पेंढी नीट झाडली नाही ते सांगत होत्या.

पोलीस बघून त्या उठल्या. मी समजावलं, घरी जाऊन मत द्यायचंय. त्या म्हणाल्या, "घरी कशाला? मी शाळंत येतंय की ईस तारखंला."

"आजी, तुम्ही अर्ज दिलाय घरी मत द्यायचा."

"मी? नाय बा."

मी १२-डी ची प्रत दाखवली. खाली सही होती, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची, एकेक अक्षर सुटं. आजींनी ती निरखली. "सही माजी हाय," त्या म्हणाल्या. "मना वाटला श्रावणबाळचा कागद."

झालं होतं असं की मुंबईहून थोरल्याने फोनवर सांगितलं, आईला सही करायला लावा, तिला चालवत नेऊ नका. बीएलओताई अंगणवाडीच्या. पाच दिवसांत त्यांना सगळं गाव पुरं करायचं होतं आणि त्यातच दिवाळीची साफसफाई. त्यांनी सही घेतली. आजींना वाटलं पेन्शनचं काहीतरी. कुणाचाच हेतू वाईट नव्हता, त्यामुळे चिडायचं तरी कुणावर? पण आजी चिडल्या. काठी आपटून म्हणाल्या, "ता रद्द करा."

मी वर फोन लावला. उत्तर मला माहीतच होतं. पीबी लागलं, यादी छापून गेली, आता मत द्यायचं तर आमच्यासमोरच. द्यायचं नसेल तर तसं लिहून आम्ही निघायचं, जबरदस्ती कुणी करणार नाही, पण वीस तारखेला शाळेत त्यांना मत देता येणार नाही. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. कृषी सहायकांनी संगमेश्वरी बोलीत तिसऱ्यांदा सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. झोडणाऱ्या बायाही थांबल्या. मग आजी निघाल्या. पुढे त्या, मागे आम्ही सगळी वरात. चढणीवर धापा आमच्याच लागल्या.

ओटीवर बसल्यावर त्यांची नजर पेटीवर गेली. "ही पेटी मताची?" म्हणून त्यांनी पत्र्यावर हात फिरवला. पहिलं मत त्यांनी सत्तावन साली दिलं होतं, लग्नानंतर, थोरला पोटात असताना. "तवा दर एकाची पेटी निराळी असायची. पेटीवर चित्र. आपल्या पेटीत कागुद टाकायचा, झाला." मी इतिहासात शिकवतो ते हे: १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, खूण करायची भानगडच नव्हती. तेव्हा महाराष्ट्र राज्यही नव्हतं, रत्नागिरी द्वैभाषिक मुंबई राज्यात होती आणि गावोगाव संयुक्त महाराष्ट्राच्या सभा चालल्या होत्या. सभांचं आजींना काही आठवत नव्हतं. चालत गेलेल्या वाटेचं आठवत होतं. सासूने त्या दिवशी पहिल्यांदा तिला घराबाहेर एकटीला सोडलं होतं. एकटीला म्हणजे वाडीतल्या सोळा बायांबरोबर. "सासू बोलली, मत देऊन सरळ घरी ये. आमी आल्याव तिनी सांजंला." एवढं सांगून त्या पहिल्यांदा हसल्या. कॅमेरावाला तेव्हा बॅटरी बदलत होता.

मत दिलं त्यांनी. पाच मिनिटंही लागली नाहीत. टेबल नव्हतं म्हणून आडोसा भाताच्या कणगीवर ठेवला होता, आणि काय सांगू, तीन दिवसांत तो तिथेच सगळ्यात ताठ उभा राहिला. घडी, पाकीट, डिंक, क्रमांक, मोठं पाकीट. पेटीत पाकीट टाकायचा हट्ट त्यांनी स्वतः धरला. फटीतून ते आत पडलं आणि त्या तशाच कान देऊन उभ्या राहिल्या.

"ही वाजत नाय?"

"नाही आजी, ही वाजत नाही. मशीन वाजतं."

"मंग लागला कसा म्हनून कळायचा?"

सूक्ष्म निरीक्षक काहीतरी समजवायला लागले, २३ तारखेला सकाळी आठ वाजता टपाली मतं सगळ्यात आधी मोजायला घेतात वगैरे. आजींनी ऐकून घेतलं. मला मात्र भलतंच आठवलं. दर निवडणुकीला पहाटे मी अभिरूप मतदानाची किमान पन्नास मतं टाकून घेतो, पन्नास बीप ऐकतो आणि सगळी पुसतो. दिवसभर मग दुसऱ्यांचे बीप. माझं स्वतःचं मत कर्मचाऱ्यांच्या सुविधा केंद्रात टपालानेच जातं, यंदाही प्रशिक्षणाच्या दिवशी गेलं, असल्याच पुठ्ठ्याआडून. स्वतःच्या मताचा बीप मी शेवटचा कधी ऐकला ते मलाही सांगता येणार नाही.

निघताना आजी पाखाडीच्या पहिल्या पायरीपर्यंत आल्या. "तरी मी येणार हाय ईस तारखंला," त्या म्हणाल्या. "दोगंव झील येतायत मुंबैसून. सगल्या बाया जातात. मी शाळंच्या बाहेर बसंन."

"शंभर मीटरच्या आत बसू नका," पोलीस म्हणाला. गमतीने म्हणाला की खरोखर, कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तहसीलला पेटी जमा केली. यादी २३, मतं २१, मयत एक, दोन्ही खेपांना घरी न भेटलेले एक. ते पुण्याला मुलीकडे गेलेत ते आजच येणार असं शेजारी दोन्ही वेळा सांगत होते. न वापरलेल्या दोन मतपत्रिका वेगळ्या पाकिटात. हिशेब पहिल्याच झटक्यात जुळला, सह्या झाल्या. आडोसाही परत द्यायचा होता. तो घेणारा कारकून म्हणाला, "हा ओला कसा काय?" मी बघितलं तर खालच्या कडेला भाताचं तूस चिकटलेलं. झटकून दिला.

उद्या सकाळी परत तिथेच जायचंय, या वेळी केंद्राचं साहित्य घ्यायला. गृहमतदान केलं म्हणून केंद्राची ड्युटी चुकेल हा माझा भ्रम तीन दिवसांपूर्वीच्या दुसऱ्या आदेशाने घालवला. केंद्र भलत्याच टोकाला आलंय, आजींच्या शाळेपासून कितीतरी लांब. बीएलओताईंना मात्र मी फोन करून ठेवलाय: शाळेच्या बाहेर, शंभर मीटर सोडून, सावलीत एक खुर्ची ठेवा.